बी.एस्सी. फिजिक्स केलंय पण सायंटिस्ट व्हायचं नाही? मग हे वाचा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पोरगं फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करतंय, पुढं मास्तरकी सोडून काय आहे का? आहे, भरपूर आहे, पण नुसत्या डिग्रीवर कोण घरी येऊन नोकरी देत नाही हे आधीच सांगतो, नंतर वाद नको.

फिजिक्सनं हातात काय येतं ते लॅबमध्ये बघा. अकरावीतला साधा लंबक घ्या. एक मीटरचा लंबक एका झोक्याला (जाऊन परत येईपर्यंत) साधारण २ सेकंद घेतो. स्टॉपवॉच दाबताना हात ०.२ सेकंद मागंपुढं होतोच, म्हणजे एकच झोका मोजला तर १० टक्के चूक, आणि g म्हणजे गुरुत्व त्वरण काढताना टाइमचा वर्ग येतो म्हणून तिथं ती २० टक्क्यांच्या घरात जाते. तेच २० झोके मोजले की ४० सेकंदांत ०.२, म्हणजे अर्धा टक्का, g मध्ये फार तर एक. बहुतेक पोरं सर सांगतात म्हणून वीस झोके मोजतात आणि जर्नलवर सही घेऊन मोकळी होतात. पण वीसच का हे ज्याला कळलं, त्याला कर्जाची फाइल द्या नाहीतर शिरोलीतल्या फौंड्रीचं (ओतकामाच्या कारखान्याचं) खराब मालाचं रिजेक्शन रजिस्टर द्या, कुठला आकडा जरा हलला की सगळं गणित हलतंय ते तो आधी शोधतो. कंपन्या ॲनालिटिकल स्किल म्हणतात ते हेच.

दुसरं म्हणजे अंदाज. फिजिक्सचे शास्त्रज्ञ एनरिको फर्मी यासाठी फेमस होते, आणि आता इंटरव्ह्यूत पण असले प्रश्न टाकतात. कोल्हापुरात रोज मिसळीच्या किती प्लेट खपतात? २०११ च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांचं, दहातला एक जण आठवड्याला एकदा बाहेर मिसळ खातो धरा (कमीच धरलंय, माहिती आहे), तर दिवसाला आठ हजारांच्या आसपास. उत्तर बरोबर का चूक यापेक्षा काय धरलं ते सांगता आलं पाहिजे.

आता वाटा. बँक पीओ, एमबीए, एमपीएससी, यूपीएससी, तीन वर्षांचं एलएलबी, सगळीकडं कुठलाही ग्रॅज्युएट चालतो. यूपीएससीला फिजिक्स ऑप्शनल घेता येतो, २५० चे दोन पेपर, पण खरी आवड असेल तरच घ्या, मार्क पडतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून नको. पेटंट एजंटची (नव्या शोधांच्या पेटंटचे अर्ज करून देणाऱ्याची) परीक्षा लोकांना माहीतच नसते, तिला सायन्स किंवा इंजिनिअरिंगचीच डिग्री लागते, म्हणजे तिथं बी.कॉम.वाल्यांची गर्दी नाही. फायनान्समध्ये तर फिजिक्सवाले जुनेच. ऑप्शनची (शेअर ठरलेल्या भावानं पुढं घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काची) किंमत काढायचं १९७३ चं ब्लॅक-शोल्स समीकरण जरा फिरवलं की उष्णता पसरण्याचं समीकरण निघतं, आणि त्यातले फिशर ब्लॅक हार्वर्डला फिजिक्सच शिकलेले. अँजेला मर्केल पण लाइपझिगला फिजिक्स शिकल्या आणि २००५ ते २०२१ जर्मनीच्या चान्सलर होत्या, पण त्यांचं नाव सांगून पोराच्या मागं लागू नका, तसं एखादंच होतं.

कमी कुठं पडतात ते पण सांगतो. बोलण्यात आणि लिहिण्यात. गणित बरोबर सोडवतात आणि समजावून सांग म्हटलं की गप्प. म्हणून आमच्या बॅचमध्ये प्रत्येकाला आपलंच एक प्रॅक्टिकल कॉमर्सच्या मुलासमोर सांगावं लागतं, आधी मराठीत, मग इंग्रजीत, त्याला कळेपर्यंत. जोडीला एक्सेल आणि बेसिक पायथन. नोकरीची गॅरंटी आम्ही देत नाही. बारावीत ज्याला गणिताचा खरंच कंटाळा आहे त्याला आम्ही फिजिक्स घेऊ नको असंच सांगतो, फी गेली तरी चालेल.

पहिली भेट फुकट. सोबत प्रॅक्टिकलची जर्नल आणा, मार्कलिस्ट नंतर बघू. दुपारी एक ते चार बंद असतंय.