एक्सल गुणोत्तर : मोठ्या टायरच्या ट्रकसाठी निवड

एक्सलच्या आत पिनियन हे लहान दातेरी चक्र क्राउन व्हील या मोठ्या दातेरी चक्राला फिरवते. क्राउन व्हीलच्या दात्यांच्या संख्येला पिनियनच्या दात्यांच्या संख्येने भागले की एक्सल गुणोत्तर मिळते. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतील तर ते ३.७३ होते; चाकाचा एक फेरा पुरा होईपर्यंत प्रोपेलर शाफ्टचे (गिअरपेटीकडून एक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याचे) ३.७३ फेरे होतात. आकडा जितका मोठा तितका ओढण्याचा जोर जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त. ४.५६ हे ३.७३ पेक्षा ‘लो’ गुणोत्तर म्हणवले जाते, त्यामुळे सुटे भाग मागवताना गोंधळ होतो. म्हणून ‘हाय’ किंवा ‘लो’ न म्हणता थेट आकडा, आणि शक्य तर दात्यांची संख्या सांगावी.

ट्रकला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजेच सगळे गिअर एकदम ‘उंच’ होतात. गाडी उठायला जड जाते, चढावर आधीच गिअर उतरवावा लागतो, ऑटोमॅटिक पेटी वरच्या दोन गिअरांमध्ये सारखी वरखाली करत राहते आणि तिचे तेल तापते. इंजिनाचे फेरे घटूनही इंधनाची बचत बहुधा होत नाही, कारण ज्या फेऱ्यांत इंजिन नीट ताकद देते, त्या पट्ट्याखाली ते रेटत ठेवावे लागते.

मूळ चाल परत मिळवायला कोणते गुणोत्तर लागेल, हा पहिला हिशेब सोपा आहे : जुने गुणोत्तर × नवा व्यास ÷ जुना व्यास. २४५/७५ आर १६ टायरचा व्यास सुमारे ७७४ मिमी आणि ३१५/७५ आर १६ चा ८७९ मिमी. मूळ गुणोत्तर ३.७३ असेल, तर उत्तर ४.२४ येते. हे माप टायरवरच्या आकड्यांवरून काढलेले आहे. वजनाखाली टायर दबतो आणि प्रत्यक्ष फिरणारा व्यास थोडा कमी भरतो. अचूकता हवी असल्यास नेहमीचा भार आणि हवा ठेवून टायरवर व जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी सरळ पाच फेरे ढकलावी, अंतर पाचाने आणि मग ३.१४१६ ने भागावे. जुना आणि नवा, दोन्ही टायर एकाच पद्धतीने मोजावेत. एक कागदावरून आणि एक जमिनीवरून घेतला तर हिशेब फसतो.

४.२४ चा क्राउन-पिनियन संच मात्र सहसा मिळत नाही. गुणोत्तरे ठरावीक पायऱ्यांनीच येतात : ३.५५, ३.७३, ४.१०, ४.५६, ४.८८ अशी. आकडे असे अवघड असण्यामागे कारण आहे. ४१ आणि ११ किंवा ४१ आणि १० यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता फिरत फिरत क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी होते.

मग ४.१० की ४.५६? इथे दुसरा हिशेब लागतो. इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे = ५.३ × वेग (किमी प्रतितास) × एक्सल गुणोत्तर × वरच्या गिअरचे गुणोत्तर ÷ व्यास (मीटर). वरचा गिअर ०.७० आणि वेग १०० धरला, तर मूळ टायरवर सुमारे १,७९० फेरे होते. मोठा टायर आणि जुनेच ३.७३ ठेवल्यास १,५७५, ४.१० ला १,७३० आणि ४.५६ ला १,९२५. कागदावर ४.१० मूळ स्थितीच्या जवळ आहे, पण सूत्र फक्त व्यास पाहते. मोठा टायर जडही असतो, त्याला फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो, आणि उंच झालेल्या गाडीला वाराही जास्त अडवतो. म्हणून ट्रेलर ओढणाऱ्या किंवा डोंगराळ रस्त्यावर भरून चालणाऱ्या ट्रकला ४.५६ योग्य; सपाट महामार्गावर कमी भाराने धावणाऱ्या, खालच्या फेऱ्यांत भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणाऱ्या डिझेलला ४.१० पुरेसे. ज्या पेटीचा वरचा गिअर १.०० आहे तिथे ४.५६ घेतल्यास ताशी १०० किमीला सुमारे २,७५० फेरे पडतील. लांबच्या प्रवासाला ते खुपते. पेटीतले गुणोत्तर माहीत नसताना एक्सलचा संच मागवू नये.

आकडा वाढवण्यालाही मर्यादा आहे. क्राउनचा व्यास तोच राहतो, त्यामुळे गुणोत्तर वाढवायचे तर पिनियन बारीक करावा लागतो. ३९:८ चा, म्हणजे ४.८८ चा पिनियन ४१:११ च्या पिनियनपेक्षा बराच लहान असतो. लहान एक्सलमध्ये मोठे टायर लावून दगडांत रेटल्यास तोच आधी तुटतो. शिवाय बारीक पिनियनपर्यंत पोहोचायला क्राउन त्या बाजूला सरकवावा लागतो, म्हणून काही एक्सलांत डिफरन्शियलचा केस (क्राउन ज्यावर बसतो ते कवच) बदलतो. ‘डाना ४४’ या एक्सलमध्ये केस बदलण्याची ही सीमा ३.७३ आणि ३.९२ च्या मध्ये, तर डाना ६० मध्ये ४.१० आणि ४.५६ च्या मध्ये आहे. सीमा ओलांडताना नवा केस किंवा जाड क्राउनचा संच हिशेबात धरावा.

चारही चाकांना जोर जाणाऱ्या ट्रकमध्ये पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सलांचे संच एकदमच बदलावे लागतात. ४.१० आणि ४.११ इतका फरक चालून जातो. पुढे ३.७३ आणि मागे ४.१० असताना कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावल्यास शाफ्ट पीळ धरतात आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी पेटी) फुटू शकतो.

खरी कसोटी बसवण्यात आहे, आणि चांगले संच तिथेच वाया जातात. आधी पिनियनची खोली शिम (पातळ चकत्या) घालून जुळवतात, मग पिनियन बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब), मग बॅकलॅश (दोन्ही चक्रांच्या दात्यांमधली मोकळी फट). बॅकलॅश डायल गेजने क्राउनच्या तीन-चार जागी मोजतात. तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी असतो, नेमका आकडा त्या एक्सलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. शेवटी दात्यांना रंग लावून ठसा पाहतात. ठसा दात्याच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत गेला आहे, टोकाशी उमटला तर बाहेर राहिला आहे. शिम बदलला की बॅकलॅशही बदलतो, म्हणून दोन्ही पुन्हा तपासावे लागतात. ठसा चुकीचा असताना ‘चालून बसेल’ म्हणून सोडलेला एक्सल घुंई करतो आणि पुढे दाते खातो. पिनियनचा नट आवळताना चेपून प्रीलोड ठरवणारी नळी, म्हणजे क्रश स्लीव्ह, एकदाच दाबली जाते. नट जास्त आवळून प्रीलोड वाढला तर नट सैल करून भागत नाही, नवी स्लीव्हच घालावी लागते. क्राउनचे बोल्ट नवे घेऊन, थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावून, टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत.

नव्या संचाला सुरुवातीला सौम्य चालवावे : २५-३० किमी हलक्या पायाने, मग पूर्ण थंड होऊ द्यावे, असे दोन-तीनदा. पहिले ८०० किमी ट्रेलर ओढू नये आणि त्यानंतर गिअर ऑइल बदलावे. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणारे) असल्यास, उत्पादकाने सांगितले असेल तर, तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण जुळवणारे द्रव्य) घालावे.

वेगमापकाची चूक सेन्सर कुठे आहे त्यावर ठरते. वरच्या उदाहरणात फक्त टायर बदलला तर काटा ८० दाखवताना गाडी ९१ ने धावते. सेन्सर गिअरपेटीवर असल्यास ४.१० ने ही चूक सुमारे तीन टक्क्यांवर येते, तर ४.५६ ने काटा उलट जास्त वेग दाखवतो. सेन्सर चाकांवर असल्यास एक्सल बदलूनही चूक तशीच राहते. तिथे कॉम्प्युटरमध्ये टायरचे माप भरावे लागते. आणि ब्रेक : मोठ्या टायरने त्यांचा रस्त्यापर्यंत पोहोचणारा रोधक जोर कमी होतो, तो कोणतेही गुणोत्तर परत देत नाही. इंजिन ब्रेकिंग सुधारते, पण डिस्क, पॅड आणि ड्रम यांची क्षमता वेगळी तपासावी लागते.