मांडी दिसली की पिएता?

मृत येशू आणि रडणारी मरिया दिसली की चित्राखाली डोळे झाकून 'पिएता' (मृत लेकाला मांडीवर घेतलेली मरिया) लिहायची सवय कधी सुटणार कोण जाणे. प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, आला की हा घोळ हमखास होतो. 'विलाप', म्हणजे क्रुसावरून उतरवलेल्या देहाभोवती जमलेल्यांचा आक्रोश, हा वेगळा चित्रविषय आहे, आणि तो बिचारा कायम पिएताच्या नावावर खपतो.

पिएता सगळ्यांना पाठ आहे: मायकेलअँजेलो, संगमरवर, व्हॅटिकनमधलं सेंट पीटर्स चर्च. पुढे जाऊ. देह क्रुसावरून उतरवताना दाखवला असेल, तर तो तिसराच विषय. बहुतेकदा शिडी दिसते, प्रश्न मिटतो.

खरी गल्लत मांडीवरून होते. "देह आईच्या मांडीवर, म्हणजे पिएता" हा नियम साफ चुकीचा. इटलीतल्या पादुआच्या स्क्रोवेग्नी चॅपेलमधला चित्रकार जोत्तोचा विलाप पाहा, साधारण १३०५चा. तिथेही मरियेने लेकाला जवळ ओढलंय, ती त्याच्या चेहऱ्यावर वाकली आहे. पण येशूची अनुयायी मग्दालिया पायांशी बसलीय, शिष्य योहानाचे हात मागे फेकले गेलेत, वर देवदूत आकांत करताहेत, आणि पुढ्यात दोघी चक्क आपल्याकडे पाठ करून बसल्यात. हा प्रसंग आहे. त्याच भिंतींवर आधीचा क्रूस आहे, नंतरचं पुनरुत्थानही आहे.

पिएताला आधी-नंतर नसतं. १३००च्या सुमारास जर्मन प्रदेशात अशा लाकडी मूर्ती घडू लागल्या, त्या समोर बसून प्रार्थना करण्यासाठी. तिथे बाकीची माणसं आणि गोष्ट बाजूला काढली, आई आणि लेक तेवढे ठेवले. "माझ्या स्मरणार्थ हे करा" असं येशू भाकर मोडताना म्हणाला, तेव्हा ते स्मरण दर वेळी नव्याने करायचं होतं. पिएता त्या जातीची आहे. विलाप सांगतो काय झालं ते. पिएता आपल्याला तिथे बसवते. मला विचाराल तर मला पिएताच जास्त जवळची, पण म्हणून दुसऱ्याचं नाव पुसायचं नाही.

आता कुणी म्हणेल, मग माणसं मोजा. तेही नको. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली 'आव्हिन्योंची पिएता', साधारण १४५५ची, चित्रकार एंगेराँ कार्तोंची मानली जाते. तिथे योहान आहे, मग्दालिया आहे. शिवाय डावीकडे पांढऱ्या झग्यातला एक पाद्री हात जोडून गुडघ्यांवर बसलाय, ज्याने चित्र करवून घेतलं तो. क्रुसानंतर चौदाशे वर्षांनी आलेला माणूस, आणि त्याची नजर त्या देहाकडे नाहीच. म्हणजे तो त्या प्रसंगात नाही, प्रार्थनेत आहे; म्हणून ही पिएताच.