निपाणीची वखार ते उद्यमबाग : कामातून जडणाऱ्या दम्याची पार्श्वभूमी

निपाणीच्या वखारीत तंबाखू कुटताना, चाळताना उठणाऱ्या धुळीपुढे बायकांकडे फार तर तोंडाला बांधलेला पदर असे. ठसका, डोळ्यांची आग, रात्रीचा खोकला हे कामाबरोबर येणारच, असं धरलं गेलं. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचं आंदोलन झालं, गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले आणि तंबाखूच्या भावाचा प्रश्न देशाला कळला. तंबाखू चाळणारीच्या छातीचा प्रश्न तेवढा कधीच पुढे आला नाही.

वैद्यकाला हे नवं नव्हतं. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्येच पीठ दळणारे, धान्य चाळणारे आणि तंबाखूत राबणारे यांच्या दुखण्यांवर लिहिलं होतं. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे आजही ‘घरात कुणाला दमा आहे का?’ हे आधी विचारतात. धंद्याचा प्रश्न राहूनच जातो.

बेळगावच्या परिसरात धंदे थराथराने आले. गोकाकला सूतगिरणी, वडगाव-शहापूरला माग, पुढे उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉप. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा गिरणी कामगारांचा जुना आजार. सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. कामातून जडणाऱ्या दम्याची तऱ्हा वेगळी. काही महिने, कधी काही वर्षं माणूस ठणठणीत असतो. आतल्या आत शरीर कामावरच्या एखाद्या पदार्थाशी वैर धरतं, आणि मग त्याचा अगदी थोडा अंशही धाप लावायला पुरतो. त्रास कामाच्या जागी न होता रात्री घरीही होतो, म्हणून दोष थंडीवर, पावसावर जातो. गणपतीच्या सुट्टीत बरं वाटलं आणि कामावर जाताच पुन्हा घरघर सुरू झाली, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगायला हवं.

फाउंड्रीत वाळूची धूळ सगळ्यांना दिसते. तिने होणारा सिलिकोसिस हा दम्याहून निराळा रोग. दम्याच्या दृष्टीने जास्त जपायचं ते आयसोसायनेट या रसायनाला. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेन या प्लास्टिकचं रसायन शोधलं आणि त्यासाठी लागणारा हा पदार्थ कारखान्यांत शिरला. त्यामुळे दमा होतो, हे १९५१ मध्ये फ्रान्समधून नोंदवलं गेलं. आज तो फाउंड्रीत कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, बांधायच्या काही रेझिनांत, फोममध्ये आणि गाड्यांच्या रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये असतो. स्प्रे मारणाऱ्या पोराच्या तोंडावर रुमाल असतो, पण रुमालाने ही वाफ अडत नाही. डब्यावरची सूचना बहुधा इंग्रजीत असते, आणि ती त्याला कुणी वाचून दाखवत नाही, याची चीड येते.

ब्रिटनने १९८२ मध्ये ठरावीक पदार्थांमुळे होणाऱ्या दम्याला भरपाई मिळणारा औद्योगिक आजार मानलं. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. तीत सिलिकोसिस आणि बिसिनोसिस होते. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने आयसोसायनेटची विषबाधाही आली. दमा मात्र त्या यादीत स्वतंत्र नावाने नव्हता. आणि घरी बसून विड्या वळणारी बाई तर कारखान्याच्या व्याख्येबाहेरच राहते.