कॉम्प्युटरच्या नाकाला जाळी

सोलापुरात माझ्या मामेभावाचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. समोर वाहता रस्ता, शेजारी कागद कापायचं मशीन, म्हणजे धुळीला तोटा नाही. एका मे महिन्यात त्याचा फोन आला. "कॉम्प्युटर आपोआप बंद पडतोय रे. रॅम काढून खोडरबराने घासली, विंडोज नव्याने टाकलं, तरी तेच." गेलो तेव्हा कारण पेटीच्या तोंडावरच दिसलं. आत धूळ जाऊ नये म्हणून त्याने पुढच्या पंख्यावर जुन्या धोतराचं कापड दुहेरी करून घट्ट चिकटवलं होतं. "धुळीचा कण आत जाणार नाही," तो म्हणाला. खरंच होतं. हवाही जात नव्हती.

त्याला हसण्यात अर्थ नाही. जितकी चाळणी बारीक तितकं पीठ स्वच्छ, हे आपण लहानपणापासून स्वयंपाकघरात बघतो. पण पीठ चाळताना मागे आपला हात असतो. कॉम्प्युटरच्या चाळणीमागे असतो एक अशक्त पंखा.

किती अशक्त? साध्या १२० मिलिमीटरच्या पंख्याचा जास्तीत जास्त दाब १ ते ३ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. उसाच्या रसाच्या ग्लासात स्ट्रॉ घालून आपण रस ओठांपर्यंत आणतो तेव्हा तो सहज १०० ते १५० मिलिमीटर वर चढलेला असतो. म्हणजे रस पिणारं शेंबडं पोर या पंख्याच्या कितीतरी पट ओढ लावतं. शिवाय खोक्यावर छापलेला तो दाब पंख्याचं तोंड पूर्ण बंद केल्यावर मिळतो, तेव्हा हवा शून्य वाहते. आणि हवेचा जो मोठा आकडा छापलेला असतो तो समोर काहीच अडथळा नसतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, पण खोक्यावर शेजारी शेजारी छापतात.

आता हवा लागते किती ते बघू. १५० वॅट वीज घेणारा कॉम्प्युटर म्हणजे १५० वॅटचा हीटरच, कारण ती सगळी वीज शेवटी उष्णता होते. ही उष्णता वाहून नेताना हवा १० अंशांनी तापू द्यायची असेल, तर सेकंदाला साधारण साडेबारा लिटर हवा पेटीतून जायला हवी. तासाला ४५ घनमीटर. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घेतली तर तिच्यातल्या हवेइतकी हवा हा डबा पाऊण तासाच्या आत ओढून सोडतो. हवा निम्म्यावर आली की तापमानातली वाढ दुप्पट होते, १० ऐवजी २० अंश. दुकानात ३८ अंश असतील तर पेटीत ५८ अंशांची हवा, आणि त्या हवेने प्रोसेसर गार करायचा! बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तेवढ्याने भागलं नाही की बंद पडतात. मामेभावाचं विंडोज बिचारं निर्दोष होतं.

एवढी हवा म्हणजे तेवढी धूळही आलीच. पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), यांची भारतातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. दुकानातली हवा कागदावर इतकी स्वच्छ आहे असं धरलं, तरी रोज १० तास आणि वर्षाला ३०० दिवस या हिशोबाने सुमारे ८ ग्रॅम बारीक धूळ पेटीतून जाते. गंमत म्हणजे यातले बरेचसे कण आले तसे मागच्या पंख्यातून निघून जातात. त्रास सुरू होतो तो या हिशोबात न धरलेल्या पाहुण्यांमुळे: कपड्यांचे धागे, केस, कागदाचा भुगा.

प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, म्हणजे हीटसिंकच्या, पात्यांमध्ये फट असते जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. चार मिलिमीटरचा एक सुती धागा आला की तो या फटीवर आडवा बसतो. त्यावर दुसरा, तिसरा. मग एरवी आरपार गेलेली बारीक धूळ या जाळ्यात अडकायला लागते. वर्षभराने तिथे घोंगडीचा तुकडा चिकटवावा तसा करडा थर तयार होतो. जुना कॉम्प्युटर उघडून पंखा बाजूला केला की तो थर अख्खाच्या अख्खा सोलून हातात येतो. दुरुस्तीवाल्यांना त्यात विकृत आनंद मिळतो, मलाही मिळतो.

म्हणून फिल्टरचं खरं काम धाग्यांना अडवायचं. त्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर छिद्रं असलेली नायलॉनची जाळी पुरते. ती पीएम २.५ अडवणार नाही, आणि त्याची गरजही नाही. हा मुद्दा पटायला वेळ लागतो, कारण 'हेपा' हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण चाळणीसारखा नव्हे. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत. घाटातल्या वळणावर भरधाव भरलेला ट्रक कठड्यावर आदळावा तसे ते तंतूवर आदळतात. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इतके भरकटतात की कधी ना कधी तंतूला शिवतातच. मधल्या आकाराचे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, सगळ्यांत निसटते. म्हणून परीक्षा त्यांचीच घेतात. पण पूर्ण क्षमतेने हवा वाहताना अशा फिल्टरला साधारण २५ मिलिमीटर पाण्याइतका दाब लागतो. आपल्या पंख्याकडे आहेत दोन. घरच्या एअर प्युरिफायरमध्ये त्यासाठी दणकट ब्लोअर आणि घड्या घालून मोठा केलेला फिल्टर असतो.

घड्यांची ती युक्ती मात्र आपल्या कामाची आहे. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं मधला मोटरचा गोल सोडून उरलेलं तोंड साधारण १०० चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच तोंडाला जाळी चिकटवली तर सगळी हवा त्यातून वेगाने घुसणार. त्याऐवजी पेटीच्या अख्ख्या पुढच्या बाजूला, ४० बाय २० सेंटिमीटरची जाळी पंख्यापासून दोन बोटं अंतर सोडून लावली, तर क्षेत्रफळ आठपट होतं आणि जाळीतला हवेचा वेग एक अष्टमांश. बारीक जाळीतून संथ हवा जाते तेव्हा अडथळा जवळपास वेगाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तोही आठपट कमी. वर तीच धूळ आठपट जागेवर पसरते, त्यामुळे थरही पातळ. बाजारात पंख्याच्या मापाच्या छोट्या गोल-चौकोनी जाळ्या मिळतात; मला त्या फारशा पटत नाहीत.

आता या विषयातली सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. पेटीला जाळीवाला दरवाजा एक असतो आणि फटी पन्नास: डीव्हीडी ड्राइव्हची कड, यूएसबीची भोकं, मागच्या पट्ट्या. हवा सोप्या वाटेने जाते. मागचा पंखा जास्त हवा बाहेर फेकत असेल तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि प्रत्येक फट धूळ ओढते. पुढे कितीही चांगली जाळी असो. पुढचे पंखे जास्त हवा आत ढकलत असतील तर उलटं होतं, फटींमधून हवा बाहेर येते. ऑपरेशन थिएटरमध्ये असाच दाब जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची हवा आत येत नाही. क्षयरोग्याच्या विलगीकरण खोलीत नेमका कमी ठेवतात. १९९५ साली इंटेलने पेटी आणि मदरबोर्डची एटीएक्स ही रचना आणली तेव्हा मूळ कल्पना एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्याने हवा बाहेरून ओढून आत प्रोसेसरवर मारण्याची होती. पण ती आधीच एसएमपीएसमध्ये तापलेली असायची, म्हणून पुढे पंखा उलटा झाला. तेव्हापासून एकच पंखा असलेल्या स्वस्त पेट्या फटींतून श्वास घेत आहेत.

आपल्या पेटीत काय चाललंय हे बघायला उदबत्ती पुरे. कॉम्प्युटर चालू ठेवा, छताचा पंखा-बिंखा बंद करून खोलीतली हवा स्थिर होऊ द्या, आणि पेटलेली उदबत्ती फटींजवळून सावकाश फिरवा. धूर आत ओढला गेला तर दाब कमी, बाहेर ढकलला गेला तर ठीक. हा प्रयोग जाळी धुण्याच्या आधी आणि नंतर असा दोनदा करा. जाळी तुंबली की पुढून येणारी हवा घटते, मागचा पंखा मात्र तेवढ्याच जोमाने ओढत राहतो, आणि काही न सांगता तोल उलटतो. तोंड बंद झालं की पेटी कानातून श्वास घेते म्हणा ना. मळकी जाळी म्हणजे नुसता अडथळा नाही, ती बाजूच्या फटींतून धूळ आत बोलावते.

जाता जाता एक जुनं कोडं. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर धूळ बसतेच कशी? घरच्या छताच्या पंख्यावरही बसते, आणि तीही पात्याच्या हवा कापणाऱ्या कडेवर जास्त. याचं उत्तर जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली मांडलेल्या सीमास्तराच्या कल्पनेत आहे. पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, म्हणजे पात्यावर बसलेल्या कणाच्या दृष्टीने ती जवळजवळ स्थिर असते. म्हणूनच नुसत्या ब्लोअरने मोठी धूळ उडते, पण पातळ थर राहतो. त्याला रंगाचा मऊ ब्रशच लागतो.

ब्लोअर मारताना मशीनचा प्लग काढा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. भरकन फिरू दिलं तर बेअरिंगवर ताण येतो, शिवाय फिरणारी मोटर जनित्रासारखी वीज तयार करून मदरबोर्डकडे पाठवू शकते. व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिकची नळी आत घालू नका, तिच्यावर स्थिर विद्युत जमते. जाळी साध्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाही. कोकणात आणि मुंबईत तर धुळीत समुद्राचं मीठ असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी शोषून विरघळतं. उन्हाळ्यात नुसतं पांघरूण असलेली धूळ पावसाळ्यात त्यामुळे वीज वाहायला लागते.

मामेभावाने धोतर काढलं, पुढच्या सबंध बाजूला नायलॉनची जाळी वेल्क्रोने लावली आणि पेटी जमिनीवरून स्टुलावर ठेवली. दर शनिवारी दुकान बंद करताना तो जाळी झटकतो. लग्नसराईत पत्रिकांच्या रंगीत कागदाची कापाकापी चालते तेव्हा ती गुलाबी होते.