बॅकअप, कार्यालयीन संगणकांचा

कार्यालयातील संगणकांवरच्या फाइली, हिशेब आणि डेटाबेस यांची मूळ साठ्यापासून वेगळी ठेवलेली, गरज पडल्यास परत चढवता येईल अशी प्रत. हार्ड डिस्क निकामी होणे, चुकून फाइल पुसली जाणे, चोरी, आग, पाणी आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारी घातक प्रणाली) ही डेटा जाण्याची नेहमीची कारणे होत.

युनिव्हॅक हा संगणक (१९५१) व आयबीएम ७२६ हे टेपयंत्र (१९५२) यांच्यापासून चुंबकीय टेप संगणकात रुळली. ‘आजोबा–वडील–मुलगा’ ही प्रतींच्या तीन पिढ्या राखून त्या आळीपाळीने फिरवण्याची पद्धत बहुधा याच काळातली. ती कोणा एकाने शोधून काढली असे दिसत नाही. टेपवर जुनी खतावणी वाचून दिवसाच्या नोंदींसह नवी खतावणी दुसऱ्याच रिळावर लिहिली जाई. त्यामुळे कालचे रीळ आपोआप शाबूत राही. पद्धत या कामकाजातूनच आली असावी.

डॉस या वैयक्तिक संगणकांच्या कार्यप्रणालीच्या २.० आवृत्तीत (१९८३) बॅकअपची स्वतंत्र आज्ञा आली. त्या वेळच्या १० मेगाबाइट हार्ड डिस्कची पूर्ण प्रत घ्यायला ३६० किलोबाइटच्या २८-२९ फ्लॉप्या लागत. साहजिकच फक्त बदललेल्या फाइली उचलण्याकडे कल होता. फाइल बदलली की तिची ‘आर्काइव्ह’ खूण चढते. इन्क्रिमेंटल बॅकअप ही खूण उतरवतो, म्हणून त्यात मागच्या बॅकअपनंतरचे बदल येतात. डिफरन्शियल ती तशीच ठेवतो, म्हणून त्यात शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे सगळे बदल साठत जातात. पहिल्यात रोजचे काम लवकर उरकते, पण डेटा परत चढवताना मालिकेतली प्रत्येक प्रत लागते. मधली एक खराब निघाली की पुढच्या प्रतींचा भरवसा राहत नाही. दुसऱ्यात शेवटची पूर्ण आणि शेवटची डिफरन्शियल अशा दोनच प्रती पुरतात.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत जागेबाहेर हा ‘३-२-१’ नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावावर सांगितला जातो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल छायाचित्रांच्या जतनासाठी त्यांनी तो मांडला. मात्र टेपचा एक संच दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची शिस्त संगणक केंद्रांत आधीपासून होती. त्यामुळे क्रोग यांनी रूढ शिस्तीला लक्षात राहील असे सूत्र दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. यूएस-सर्ट या अमेरिकी सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेतही हा नियम आहे.

जागेबाहेरच्या प्रतीइतकेच तिचे जाळ्यापासून तुटलेले असणे महत्त्वाचे, हे जून २०१७ मधील नॉटपेट्या या घातक प्रणालीच्या हल्ल्याने दाखवले. न्हावा शेवा येथील मर्स्क या डॅनिश जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यात विस्कळीत झाले. मर्स्कचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर (जाळ्यातील वापरकर्ते व त्यांचे प्रवेशाधिकार सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांच्या प्रती राखत होते. सगळे एकदमच पुसले गेले. वार्तांकनानुसार घानातील एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्यातला डेटा जाळ्यावरून पाठवायला फार वेळ लागला असता, म्हणून हार्ड डिस्क माणसाहाती इंग्लंडला नेण्यात आली. पुढे कंपनीने ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

रेड रचना (अनेक डिस्कवर एकाच वेळी डेटा ठेवणारी) किंवा क्लाउडवरील सिंक (दोन ठिकाणच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणे) यांना बॅकअप म्हणणे चुकीचे आहे. एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते. बॅकअप परत चढवून पाहणे हा त्याचाच भाग होय. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला, तेव्हा नेहमीचे बॅकअप बनतच नव्हते असे उघड झाले. साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती आणि त्याची सूचना देणाऱ्या ईमेल पोचत नव्हत्या. सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीवरून काम सावरले.

छोट्या कार्यालयांत टॅलीचा डेटा संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घेतला जातो. तो पेन ड्राइव्ह संगणकालाच लावून ठेवला तर रॅन्समवेअर त्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करते. भारतातील कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप देशातील सर्व्हरवर ठेवणे २०१४ च्या लेखाविषयक नियमांनुसार बंधनकारक आहे. ‘ठरावीक मुदतीने’ ऐवजी ‘दररोज’ ही अट ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीने आली.