स्प्रिंग सोडण्याआधी व्हॉल्व्ह कशावर टेकलाय ते बघा

"नुसत्या व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलायच्यात, हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवावं लागेल का?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर इतक्यांदा येतो की शेवटी हा कागद छापला. बऱ्याच पेट्रोल इंजिनांना हेड उतरवावं लागत नाही. टॅपेट कव्हर, रॉकर किंवा कॅमशाफ्ट कसं काढायचं ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते इथे पुन्हा सांगत नाही. एका सिलिंडरच्या बाइकचं हेड मात्र सरळ उतरवा. टेबलावर काम सोपं होतं.

पडलेल्या चेहऱ्याने परत येणारं गिऱ्हाईक बहुधा एकच गोष्ट सांगतं. कॉटर (स्प्रिंग अडकवून धरणाऱ्या छोट्या पाचरी) निघाले, स्प्रिंग निघाली, सील (दांड्यावरून तेल आत जाऊ न देणारं रबर) ओढलं आणि व्हॉल्व्ह आत गेला. स्प्रिंग निघाली की व्हॉल्व्हला वर धरणारं काही उरत नाही. जुनं सील दांड्याला चिकटून असतं, त्यामुळे व्हॉल्व्ह थोडा वेळ जागेवर राहतो आणि माणूस निर्धास्त होतो. त्या वेळी पिस्टन खाली असेल तर व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये, आणि जे हेड उतरवायचं टाळत होता तेच उतरवायचं.

म्हणून ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचा पिस्टन आधी टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणा. मग दोनपैकी एक करा. स्पार्क प्लगच्या भोकात अडॅप्टर लावून 6 ते 7 बार हवा भरा, त्या दाबाने व्हॉल्व्ह सीटवर बसून राहतो. गाडी गिअरमध्ये हवी, हँडब्रेक ओढलेला हवा आणि क्रँकच्या बोल्टवर पाना विसरलेला नको. पिस्टन जराही सरकला तर हवा क्रँक फिरवते आणि तो पाना हातावर बसतो. हवा कुठून निसटते तेही ऐका. सायलेन्सरमधून जोरात फुसफुसत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, नवी स्प्रिंग घालून तो बरा होणार नाही.

कॉम्प्रेसर नसेल तर दोरी. मात्र यात पिस्टन टीडीसीवर न नेता थोडा आधी थांबवा, प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉन दोरी आत सोडा, एक टोक बाहेर ठेवा आणि क्रँक हाताने फिरवून दोरी दाबली जाईपर्यंत आणा. आम्हाला दोरीच जास्त आवडते. काम अर्ध्यावर असताना वीज गेली तरी व्हॉल्व्ह पडत नाही.

स्प्रिंग दाबण्याआधी, आणि हवा भरण्याच्याही आधी, वरच्या रिटेनरवर (स्प्रिंगच्या टोपीवर) पान्याची गोटी (सॉकेट) ठेवून हलकी हातोडी मारा. चिकटलेले कॉटर मोकळे होतात. हेडमधली तेल उतरायची भोकं चिंध्यांनी बुजवा. कॉटर त्यात गेला तर थेट खाली तेलाच्या चेंबरमध्ये पोचतो. काढताना लोहचुंबक वापरा, बसवताना कॉटरला आतून ग्रीसचं बोट लावा. स्प्रिंगचे वेढे एका बाजूला दाट असतील तर ती बाजू हेडकडे.

"नवी स्प्रिंग जुनीपेक्षा लांब आहे, चुकीची दिलीत" असं म्हणून पाकीट परत आणणारेही पुष्कळ. थोडाफार फरक असेल तर जुनी दबून आखूड झालेली असते, म्हणून तर बदलताय. शंका असेल तर बसवण्याआधी पार्ट नंबर घेऊन या, तपासून देतो. एकदा बसवलेली स्प्रिंग मात्र परत घेत नाही.

एकेक स्प्रिंग सुटी मागू नका, आम्ही पूर्ण सेटच देतो. हा धंद्याचा डाव वाटतो, पण हिशेब बघा. क्रँक मिनिटाला 3000 फेरे फिरतो तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1500 वेळा उघडतो. एक तुटली तर बाकीच्यांनीही तेवढेच दणके खाल्लेत. सेटबरोबर नवी सील घ्या. सगळं उघडलेलंच आहे, जुनी सील परत घालण्यात शहाणपण नाही.

सगळं बसलं की हवा सोडा किंवा दोरी काढा, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, टॅपेट गॅप (व्हॉल्व्हच्या टोकावरची फट) मोजा आणि मगच स्टार्टर मारा.

स्प्रिंग कॉम्प्रेसर, अडॅप्टर, चुंबक आणि दोरीचा संच आमच्याकडे भाड्याने मिळतो, सेट घेणाऱ्यांना दोन दिवस मोफत. देताना "कुठल्या सिलिंडरपासून सुरुवात करताय, त्याचा पिस्टन वर आणलात का?" असं विचारतो, राग मानू नका. आणि दोरीच्या बाहेरच्या टोकाला मारलेली गाठ सोडू नका, ती सगळी दोरी आत जाऊ नये म्हणून आहे.