वाजपेयी आणि त्यांचा पक्ष: दुराव्याची पार्श्वभूमी

अटलबिहारी वाजपेयी आणि भारतीय जनता पक्ष यांच्यातील अंतराची चर्चा बहुधा २००२ पासून सुरू केली जाते. आम्हा ग्वाल्हेरकरांना तिची मुळे त्याहून बरीच जुनी दिसतात. वाजपेयी इथल्या शिंदे की छावणीत जन्मले, नारायणराव तर्टे या मराठी प्रचारकांच्या सहवासात संघात घडले आणि १९७१ मध्ये येथूनच जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या पूर्वावताराचे, खासदार झाले. त्या वेळी ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील राजमाता विजयाराजे शिंदे यांचे वजन त्यांच्या पाठीशी होते.

पुढे त्याच राजमातांशी त्यांचा पहिला मोठा वैचारिक मतभेद झाला. जनसंघ ज्यात विलीन झाला होता तो जनता पक्ष, पक्षात राहून संघाचेही सदस्य राहता येईल का या दुहेरी सदस्यत्वाच्या वादात फुटल्यावर एप्रिल १९८० मध्ये भाजप स्थापन झाला. अध्यक्ष या नात्याने वाजपेयींनी जयप्रकाश नारायण यांचा वारसा सांगत 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला. जनसंघाच्या वर्तुळाबाहेरचा मतदार जोडण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, असे मला वाटते. राजमातांना मात्र त्यात पक्षाची ओळख पुसली जाण्याचा धोका दिसला आणि त्यांनी उघड विरोध नोंदवला. तो वाद तेव्हा मिटला, पण जुन्या कार्यकर्त्यांच्या मनातला प्रश्न कायम राहिला.

त्याचे उत्तर १९८४ च्या निवडणुकीने दिले आणि तेही ग्वाल्हेरमध्येच. काँग्रेसने माधवराव शिंदे यांचा अर्ज अगदी अखेरच्या क्षणी भरला, त्यामुळे वाजपेयींना दुसरा मतदारसंघ गाठण्यास वेळ उरला नाही. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत ते सुमारे पावणेदोन लाख मतांनी हरले आणि देशभरात पक्षाला केवळ २ जागा मिळाल्या. या पराभवामागे सहानुभूतीची लाट होती, तरी पक्षात दोष मवाळ धोरणाच्या माथी आला, आणि हा निवाडा वाजपेयींवर अन्याय करणारा होता.

१९८६ मध्ये अध्यक्षपद लालकृष्ण अडवाणी यांच्याकडे गेले. जून १९८९ मध्ये पालमपूरच्या ठरावाने पक्ष राममंदिराच्या मागणीशी बांधला गेला, राजमाता त्या चळवळीच्या अग्रभागी आल्या आणि त्याच वर्षी भाजपच्या जागा ८५ वर पोहोचल्या. वाजपेयी पक्षातच राहिले, पण अडवाणींच्या राममंदिरासाठीच्या रथयात्रेच्या काळात ते मागच्या रांगेत होते. १९९५ मध्ये अडवाणींनी पंतप्रधानपदासाठी त्यांचेच नाव जाहीर केले, कारण मित्रपक्ष जोडण्यासाठी त्यांच्याइतका सर्वमान्य चेहरा पक्षाजवळ दुसरा नव्हता. याचा अर्थ पक्ष त्यांच्या विचारांकडे परतला, असा मात्र नव्हता.

हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. गुजरातमधील दंगलींनंतर ४ एप्रिलला अहमदाबादेत वाजपेयींनी मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना राजधर्म पाळण्याचा सल्ला दिला. त्यानंतर सुमारे आठवडाभराने पणजीच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत मोदींनी राजीनाम्याची तयारी दाखवली, तेव्हा सदस्यांनी ती एकमुखाने नाकारली. पंतप्रधानपदी असूनही वाजपेयींनी पक्षाचा तो कल मान्य केला, जसा पालमपूरनंतर केला होता.